बोटुकली कुठली, हे आधी बघा

धरणात महासीर या गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडत राहिलं की मासे आपोआप वाढतील आणि गळवाले पर्यटकही येतील, कोकणातल्या नद्यांतही ती सोडा, असं या चर्चेत आधी कुणी म्हटलंय. वाढतील हे खरं, पण ‘आपोआप’ला माझा विरोध आहे. महासीर साठलेल्या पाण्यात पोसला जातो, अंडी मात्र पावसाळ्यात वर चढून, वाहत्या, स्वच्छ, दगडगोट्यांच्या पाण्यात घालतो. मुळशी असो की पवना, धरणाला मिळणारे ओढे कॅम्पिंगवाल्यांनी बुजवले किंवा सांडपाण्याने नासवले, तर दरवर्षी बी, म्हणजे हीच पिल्लं, विकत आणून ओतत बसावं लागेल.

दुसरं, जे इथे कुणीच काढलं नाही. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांचं महासीर पैदास केंद्र १९७०च्या दशकापासून आहे. तिथला निळ्या परांचा महासीर आपल्याच खोऱ्यातला. साईक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्यामुळे मुळशीत तो सोडायला काहीच हरकत नाही. पण हेच बी कावेरीत सोडलं गेलं, तिथे ते भरमसाट वाढलं आणि तिथला मूळचा, अवाढव्य वाढणारा कुबडवाला महासीर मागे पडला. तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि त्याला शास्त्रीय ओळख मिळाली ती थेट २०१८ मध्ये! कोकणात उतरणाऱ्या नद्यांतही हेच बी सोडा, ही सूचना म्हणून मला धोक्याची वाटते. तिथे आज कोणते मासे आहेत, हे स्थानिक कोळ्यांना विचारून आधी नोंदवून घ्या.