काम मिळो न मिळो, लीडचे पैसे भरायचे का? (वॉटरप्रूफिंग, डोंबिवली) सल्ला हवा आहे

डोंबिवली_पूर्व
नमस्कार. माझे मिस्टर वॉटरप्रूफिंगची कामं घेतात: गच्ची, बाथरूम, बाहेरच्या भिंतींच्या भेगा. हाताखाली तीन माणसं आहेत. फोन, कोटेशन आणि हिशेब मी बघते. आजवरची कामं ओळखीतूनच आली. फेब्रुवारीत एका ऑनलाइन कंपनीचा माणूस घरी आला. पावसाळ्याआधी तीन महिन्यांत ६० लीड, म्हणजे काम काढू पाहणाऱ्यांचे नंबर, देतो म्हणाला. १८,००० आणि वर जीएसटी, असे २१,२४० रुपये आम्ही एकरकमी भरले.

पहिल्या दिवसापासून मी वहीत लिहून ठेवलंय. आजपर्यंत ४१ लीड आले. त्यातले ९ नंबर लागलेच नाहीत किंवा कोणी उचलले नाहीत. ७ विरार-पनवेलकडचे निघाले. आम्ही कल्याण ते अंबरनाथ एवढंच करतो हे फॉर्मवर लिहून दिलं होतं. ६ जणांना प्लंबर हवा होता. ११ जणांनी "स्क्वेअर फुटाला काय घेता" एवढं विचारून फोन ठेवला. उरलेल्या ८ ठिकाणी हे जाऊन बघून आले, त्यात २ कामं मिळाली, दोन्ही मिळून ४६,००० ची. माल आणि मजुरी जाऊन हातात साधारण ११,००० राहिले. म्हणजे भरलेल्या पैशाच्या जेमतेम निम्मेच सुटले, पेट्रोल वेगळंच.

कल्याणच्या एका घरी मीही गेले होते. हॉलच्या छताला ओल, पोपडे धरलेले. टीपॉयवर आधीच चार जणांची कार्डं पडली होती. काकू म्हणाल्या, "मी एकदाच नंबर टाकला हो, अर्ध्या तासात अकरा फोन आले. घाबरून फोन बंद करून ठेवला." त्यांनी चहा दिला, नीट बोलल्या. काम शेजाऱ्यांच्या ओळखीतल्या माणसाला दिलं.

आता रिन्यू करा म्हणून रोज फोन येतोय, या वेळी 'प्रीमियम' घ्या म्हणतात. मिस्टर म्हणतात, सीझन तोंडावर आहे, घेऊन टाकू. माझं मन होत नाही. काय करावं?

सिंहगड_रोड
ताई, रिन्यू करू नका. माझं पेस्ट कंट्रोलचं काम आहे, दोन वर्षं मी हेच भोगलंय. आधी एक तपासा: सह्या घेतलेल्या कागदांत बँकेच्या मँडेटचा, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायच्या परवानगीचा, फॉर्म होता का? माझ्या कागदांत होता आणि मला कळलंच नव्हतं. बंद करा सांगितल्यावरही खात्यातून दोन हप्ते गेले. शेवटी बँकेत लेखी अर्ज देऊन मँडेट रद्द केलं तेव्हा थांबलं. यूपीआय ऑटोपे लावलं असेल तर ॲपमधूनच बंद करता येतं, आजच बघा.

नाशिक_वायरिंग
मी थोडं वेगळं सांगतो. मी पाच वर्षांपूर्वी गाव सोडून नाशिकला आलो तेव्हा इथे कोणी ओळखत नव्हतं. पहिली दहा-बारा गिऱ्हाइकं मला लीडमधूनच मिळाली, त्यातली चार घरं आजही मलाच बोलावतात. लीड आला की पाच मिनिटांत फोन करायचा, संध्याकाळी बघू म्हटलं की गेलं. नवीन माणसाने एखादं वर्ष जाहिरातीचा खर्च समजून पैसे घालावेत. पण तुमची तर ओळख आहे, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. आणि हद्दीबाहेरच्या ७ लीडचे पैसे मात्र मागाच, ते तुम्ही आधी लिहून दिलेलं आहे.

एडिसन_एनजे
तुमची वही वाचून इथली एक केस आठवली. मी न्यू जर्सीत बाथरूम-किचनच्या नूतनीकरणाची कामं करतो. होमअॅडव्हायझर नावाच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये तक्रार केली. ही कंपनी कारागिरांना लीड विकते. आरोप अगदी तुमच्या यादीसारखेच होते: लीड तुमच्या कामाचे आणि तुमच्या भागातले असतील, माणूस लवकरच काम काढणारा असेल असं सांगायचं आणि प्रत्यक्षात बरेचसे तसे नसायचे. किती लीडची कामं होतात याबद्दलचे त्यांचे दावेही टिकणारे नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचं ठरलं, ती कारागिरांना परत करण्यासाठी. तेव्हा तुमचंच काही चुकलं असं अजिबात वाटून घेऊ नका.

रंगकाम_ठाणे
तीस वर्षं रंगाची कामं घेतोय, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

आमच्याकडे रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानदारामार्फत कामं येतात. तो गिऱ्हाइकाला माझा नंबर देतो, काम झालं की त्याची टक्केवारी मी पोचवतो. काम नाही झालं तर तो एक रुपया मागत नाही. म्हणून तो नंबरही तोलूनमापून देतो: खरंच रंग काढायचाय का, घर कुठे आहे, पार्टी पैसे देणारी आहे का. चुकीच्या माणसाकडे मला पाठवलं तर त्याचाही तोटा असतो. लीड विकणाऱ्याचं उलट आहे. नंबर विकला की त्याचं झालं, आणि तोच नंबर पाच जणांना विकला तर पाचपट. लीड चांगला निघावा यात त्याचा काही फायदाच ठेवलेला नाही. सगळी खोट या एका गोष्टीत आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: न लागणारा नंबर, हद्दीबाहेरचा पत्ता आणि भलतंच काम, या तिन्हींचे पैसे कारागिराने भरूच नयेत. भाव विचारून गप्प बसलेल्या ११ जणांचं मी धरत नाही, ते दुकानातही होतं.

घरगुती कामांसाठी माणसं पुरवणारं अर्बनक्लॅप ॲप २०१४ मध्ये निघालं तेव्हा तेही कारागिरांकडून लीडचे पैसे घ्यायचे. पुढे ते सोडून झालेल्या कामावर कमिशनची पद्धत आणली, २०२० मध्ये नावही अर्बन कंपनी केलं. तिथेही सगळं सुखाचं नाही, २०२१ मध्ये गुरुग्रामला ब्युटिशियन बायकांनी कमिशन आणि दंडाविरुद्ध आंदोलन केलं होतं. तरी काम झाल्यावर पैसे कापले गेले तर निदान आधी हातात काम आलेलं असतं.

कंपनीवाल्याला एवढंच विचारा: हाच लीड आणखी किती जणांना देता? वाया गेलेल्या लीडच्या बदल्यात दुसरा देता का, आणि तसं लिहून देता का? तोंडी हो म्हणाला तर धरू नका.

ग्राहक_मार्गदर्शन
धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू नाही असं कंपनी म्हणेल. पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी सूट आहे. मिस्टर स्वतः हाताने काम करतात हे ठळक लिहा, कारण तीन माणसं आहेत यावर वाद घातला जाईल. आधी कंपनीला ईमेल करा, सोबत वहीची पानं आणि फॉर्मची प्रत जोडा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

सिंहगड_रोड
आणि ताई, गूगल मॅपवर नाव टाका, त्याला पैसे पडत नाहीत. झालेल्या गच्चीचे आधीचे-नंतरचे फोटो टाका आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दोन ओळी लिहायला सांगा. घरी गेल्यावर कोणी लिहीत नाही.

डोंबिवली_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना पूर्ण धागा वाचून दाखवला. एडिसनच्या दादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

मँडेट नव्हतं, पैसे चेकने दिले होते. वाया गेलेल्या २२ लीडची यादी तारखेसह ईमेल केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वरच्या माणसाचा फोन आला, म्हणाला बदली १० लीड देतो, पण रिन्यू केलं तर. मी सांगितलं, हेच ईमेलवर लिहा. अजून ईमेल आलेला नाही. पुढच्या आठवड्यात १९१५ ला लावणार आहे.

दरम्यान जुन्या वह्या काढून गेल्या सहा वर्षांतल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप केलं की पावसाआधी गच्ची फुकट तपासून देतो. पाच जणांचे फोन आले. ठाकुर्लीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर रविवारी बोलावलंय, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब गळतोय. मापाच्या लेझरवाल्या टेपमध्ये नवी बॅटरी टाकून ठेवायला सांगितलीये मिस्टरांनी. तेवढी आणायला निघालेय.