धावण्याचे बूट: नख काळे पडते म्हणून मोठा नंबर घेतला, तर आता टाच सुटते

प्रश्न

मी नियमितपणे लांब अंतर धावतो. रोजच्या वापरातील माझ्या चामडी बुटांचा नंबर यूके ८ आहे, त्यामुळे धावण्याचे बूटही त्याच नंबरचे घेतले होते. सपाट रस्त्यावर त्यांचा त्रास होत नसे. मात्र धावणे लांबले की, आणि विशेषतः उतारावर, उजव्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकावर आदळू लागला आणि काही दिवसांत त्याचे नख काळे पडले. म्हणून त्याच मॉडेलचे यूके ९ नंबरचे बूट घेतले. आता बोटांना पुरेशी जागा आहे, पण प्रत्येक पावलागणिक टाच वर उचलली जाते आणि मागच्या बाजूला फोड येतात. दुसऱ्या एका कंपनीचे ८ नंबरचे बूट घालून पाहिले, तर ते माझ्या जुन्या ८ नंबरपेक्षाही आखूड वाटले. एकच नंबर दोन ठिकाणी वेगवेगळा का असतो, आणि बोटे व टाच या दोहोंना सोयीचे होईल असे माप कसे ठरवावे, याविषयी अनुभवी धावपटूंनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम रोजच्या बुटांचा नंबर बाजूला ठेवावा आणि पाऊल प्रत्यक्ष मोजावे. चामडी बूट वापराने सैलावतात व त्यांत आपण फार तर चालतो. धावताना मात्र शरीराचा भार पडून पाऊल थोडे लांब व रुंद होते, उष्णतेने सुजते आणि पुढे सरकते. त्यामुळे एका ठिकाणचा नंबर दुसरीकडे लागू पडेलच असे नाही.

मोजण्यासाठी संध्याकाळची वेळ निवडावी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. ज्या मोज्यांवर धावता तेच मोजे घालावेत, भिंतीला टाच टेकवून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी दुसऱ्या कोणाला तरी खूण करायला सांगावे. स्वतः वाकून खूण केली की भार बदलतो आणि माप चुकते. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे गृहीत धरू नये, अनेकांचे दुसरे बोट अधिक लांब असते. दोन्ही पावले मोजावीत, आणि मोठे निघेल त्याच्यावरून नंबर ठरवावा.

आता नंबरांविषयी. यूके पद्धतीत एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर असतो. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर असतो. या दोन पट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक कंपनी रूपांतर करताना आपापल्या परीने आकडा जवळच्या नंबरावर नेते. यूके आणि अमेरिकी नंबरांतील अंतरही काही कंपन्या अर्ध्या नंबराचे धरतात, काही पूर्ण नंबराचे. शिवाय ज्या साच्यावर बूट बेतला जातो, तो साचा प्रत्येक कंपनीचा, किंबहुना प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना खोक्यावरील किंवा जिभेवरील सेंटिमीटरचा आकडा पाहावा. यूके ८ असे लिहिलेल्या दोन बुटांत तो अर्ध्या सेंटिमीटरने वेगळा असू शकतो. तुम्हाला आखूड वाटलेल्या बुटाचे कारण बहुधा हेच असावे.

तुम्ही ८ वरून थेट ९ वर गेलात, म्हणजे साडेआठ मिलिमीटरची उडी घेतली. मधला साडेआठ नंबर घालून पाहिला होता का? नंबर वाढतो तेव्हा केवळ लांबी वाढत नाही, टाचेचा घेर आणि चवड्याची रुंदीही त्याबरोबर वाढते, आणि म्हणूनच पुढची अडचण सोडवताना मागची निर्माण झाली.

प्रतिसाद २

वरील मोजमापाशी मी पूर्णपणे सहमत आहे, परंतु नख काळे पडले म्हणजे बूट आखूडच होता, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. नखाखाली रक्त साकळते ते बोट वारंवार आदळल्यामुळे, आणि पुरेशा लांब बुटातसुद्धा पाऊल पुढे घसरत असेल तर उतारावर नेमके तेच घडते. घोट्याजवळ लेस सैल बांधणाऱ्यांना हा त्रास मोठ्या नंबरातही सुटत नाही, कारण जागा वाढली की घसरण्याचे अंतरही वाढते.

म्हणून लांबी, रुंदी आणि टाचेची पकड या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. जुन्या ८ नंबरच्या बुटातील आतला सुटा तळवा बाहेर काढावा, जमिनीवर ठेवून त्यावर टाच नीट जुळवून उभे राहावे. पुढे सुमारे एक सेंटिमीटर ते अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरत असेल, तर लांबी पुरेशी आहे. करंगळीची किंवा अंगठ्याच्या मुळाची बाजू तळव्याबाहेर येत असेल, तर तुम्हाला मोठा नंबर नव्हे, त्याच नंबराचा रुंद प्रकार हवा. पुरुषांच्या बुटांत सर्वसाधारण रुंदीला डी, रुंदला टू-ई आणि अतिरुंदला फोर-ई म्हणतात. स्त्रियांच्या बुटांत बी ही सर्वसाधारण आणि डी ही रुंद समजली जाते. रुंदीची अडचण लांबीने सोडवायला जाणे हे मोठ्या नंबराच्या बुटांत टाच सुटण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि दुकानातही बहुतेकदा तोच सोपा मार्ग सुचवला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट पाहावी. बूट जिथे वाकतो, तिथेच तुमचा चवडा वाकला पाहिजे. सारख्याच लांबीच्या दोन पावलांत टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर वेगळे असू शकते. एकाची बोटे लांब असतात, दुसऱ्याची आखूड. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात तयार केलेल्या पाऊलमापकात या अंतरासाठी वेगळी सरकती खूण आहे, ती याचसाठी.

टाचेसाठी लेस बांधण्याची एक पद्धत करून पाहावी. सर्वांत वरचे, बहुतेक जण रिकामेच ठेवतात ते भोक वापरावे: प्रत्येक बाजूची लेस त्याच बाजूच्या शेवटच्या भोकातून आत घालून छोटा फासा ठेवावा, मग समोरच्या बाजूची लेस त्या फाशातून ओवून घोट्याच्या दिशेने खाली ओढावी व नेहमीसारखी गाठ मारावी. टाच जागेवर राहते आणि पाऊल पुढे घसरत नाही. मात्र चवड्यावरची लेस तितकीच आवळू नये, नाहीतर बोटांना मुंग्या येतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोजमाप करून पाहिले. डावे पाऊल २६.४ सेंटिमीटर, उजवे २६.९ सेंटिमीटर निघाले. त्रास उजव्याच पायाला का होता, हे त्यावरून उमगले. ८ नंबरच्या सुट्या तळव्यावर उभे राहिल्यावर डाव्या पायापुढे पुरेशी जागा उरते, उजव्यापुढे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. करंगळीची बाजू दोन्हीकडे तळव्याच्या कडेवर येते, उजवीकडे ती थोडी बाहेरही जाते. सांगितल्याप्रमाणे लेस बांधली, तर ९ नंबरमध्ये टाच बरीच स्थिर झाली, तरी चढावर ती अजून थोडी सुटतेच. आता साडेआठ घ्यावा की ८ चा रुंद प्रकार?

प्रतिसाद ३

तुमच्या आकड्यांवरून उजव्या पायाला लांबीही कमी पडते आणि रुंदीही. ८ चा रुंद प्रकार घेतला तर अर्ध्या सेंटिमीटरची अडचण तशीच राहील, म्हणून साडेआठ नंबरचा रुंद प्रकार मिळत असेल तर तो प्रथम घालून पाहावा. उजव्या पायाचा बूट नीट बसला की डाव्या पायात जी थोडी जागा उरेल, ती त्या एकाच पायाच्या लेसच्या फाशाने किंवा किंचित जाड मोज्याने भागते. टाच मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलली आणि घासली नाही, तर तेवढ्यावरून बूट नाकारू नये.

बूट वापरून सैल होईल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. धावण्याचा बूट पहिल्याच दिवशी आरामदायी वाटला पाहिजे. वरचे कापड थोडेफार नरम होते, लांबी वाढत नाही. बोटाने टोक दाबून जागा पाहण्यापेक्षा उतरत्या पृष्ठभागावर उभे राहावे, किंवा टोक जमिनीवर हलकेच आपटावे; बोट आत टेकले, तर उतारावरही टेकणारच.

नखाविषयीही थोडे. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे काळेपणा राहिला म्हणून नवा बूटही चुकला असे समजू नये. डाग नखाबरोबर पुढे सरकत आहे ना, एवढे पाहावे. ठेच न लागता नखावर काळी रेघ उमटली, किंवा डाग जागचा हललाच नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर केवळ बूट कसा वाटतो यावर विसंबून राहू नये, कारण बूट घासत असल्याचे त्यांना जाणवतच नाही. त्यांनी मापाच्या खुणा पाहूनच निवड करावी आणि धावून आल्यावर तळपाय नजरेने तपासावेत.