प्लासिबो गटाची गरज का भासते
सोरायसिस या त्वचेवर चट्टे उठवणाऱ्या आजाराच्या औषधचाचणीत काही रुग्णांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले काही, देऊन औषधाविना ठेवणे ही त्यांची फसवणूक आहे, असे काही जण म्हणतात. ही कळकळ मला पूर्णपणे समजते, कारण माझी थोरली बहीण हा आजार अनेक वर्षे सोसते आहे. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तिचे कोपर आणि गुडघे चिरतात, आणि उन्हाळा लागला की तेच चट्टे कोणत्याही नव्या उपचाराविना फिके पडतात. नेमक्या याच चढउतारामुळे तुलनेसाठी दुसरा गट ठेवावा लागतो.

सोरायसिसवरील सेक्युकिनुमॅब या औषधाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इरेझर’ चाचणीत १२ आठवड्यांनंतर ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ८१.६ टक्के रुग्णांच्या त्वचेत किमान ७५ टक्के सुधारणा दिसली, तर प्लासिबो गटात ती ४.५ टक्के रुग्णांत दिसली. हा दुसरा आकडा नसता, तर पहिल्यातला औषधाचा वाटा किती, हे कोणालाच सांगता आले नसते. शिवाय प्लासिबोवर पुरेशी सुधारणा न झालेल्या रुग्णांना १२ आठवड्यांनंतर खरे औषध देण्यात आले.

मला अधिक काळजी वाटते ती संमतिपत्राची. ते मराठीत, रुग्णाला उमजेल अशा शब्दांत असावे, आणि सुप्त क्षयरोगाची तपासणी कशासाठी, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, कारण सोरायसिसवरील काही औषधांनी, विशेषतः टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी, दबलेला क्षय पुन्हा उफाळू शकतो. सही करण्यापूर्वी ते घरी नेऊन वाचण्याइतका वेळ रुग्णाने निःसंकोच मागावा.