अनुभव धागा: जुन्या बाहुलीचं चित्र रंगवताना

आजीच्या ट्रंकेत चिनीमातीच्या तोंडाची बाहुली निघाली. झालरीचा फ्रॉक, लेसची कॉलर, डोक्याला बॉनेट. खिडकीत बसवून जलरंगात काढायला घेतली आणि लेसपाशी अडकले. कुणी अशी जुनी, नटलेली बाहुली रंगवली आहे का? फसलेलं आधी सांगा.

गिरगावातून
लेस रंगवायचीच नसते! जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. हे मला चौथ्या कागदावर कळलं. तोवर ट्यूबमधला पांढरा थापत होते, पार चुना लावल्यासारखा दिसायचा. मग लेसच्या भोकांत आणि मागच्या बाजूला फक्त फिकट निळसर सावली दिली, तर लेस आपसूक उमटली. झालरीच्या कडेवर आधी मेणबत्तीचा तुकडा ओढून ठेवा, तिथे रंग धरत नाही. पण मेण एकदा लागलं की लागलं.

परळहून
पावसाळ्यात काढताय? आमच्या खोलीत जुलैमध्ये वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळतच नाही. गाल ओले असताना डोळे काढले, काजळ हनुवटीपर्यंत. बायको म्हणाली, "सासरी निघालेली दिसतेय." आता हेअर ड्रायर घेऊनच बसतो. कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड), त्याहून पातळ घेतला की पापड होतो.

माझगावहून
चोरबाजारात मटण स्ट्रीटला असली तोंडं पुष्कळ पाहिलीत. तुमच्या बाहुलीचे गाल चकाकतात की नाही ते बघा. 19व्या शतकात जर्मनी-फ्रान्समध्ये झिलईशिवाय भाजलेल्या पोर्सेलिनची डोकी करत, त्याला बिस्क म्हणतात. तसं असेल तर गालावर चमक ठेवू नका. चमक फक्त काचेच्या डोळ्यांत, टाचणीच्या टोकाएवढी.

दादरहून
माझी विलायती नाही, सावंतवाडीची लाकडी. घरात तिला ठकीच म्हणतात. आईने लहानपणी पोलक्याच्या चिंधीचं लुगडं नेसवलं होतं, ते अजून अंगावर आहे. नाकाचा टवका उडालाय, कपाळावरचा रंग गेलाय. मी चित्रात नाक सरळ केलं, गाल गुलाबी केले. आईने चष्मा लावून पाहिलं. "छान आहे गं. पण ही कोण?" दुसऱ्यांदा टवक्यासकट काढली. आई काही बोलली नाही, चित्र उचलून आपल्या कपाटात ठेवून आली. मला फोटोसुद्धा काढू दिला नाही, म्हणून इथे डकवता येत नाही.

धागाकर्ती
गालाला बोट लावून पाहिलं. चकाकत नाहीत. मेणबत्ती मिळाली, वाढदिवसाची आहे, चालेल ना?