उन्हाने आलेल्या खरबरीत चट्ट्यांवर झाडपाल्याचं काही चालतं का?

मांजलपूरची_सून
नमस्कार मंडळी, सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ७४, रंग अगदी गोरा, डोक्यावर केस नाहीत आणि सगळी नोकरी कालव्याच्या साइटवर उन्हात गेली, टोपी त्यांनी कधी घातलीच नाही. आता कपाळावर आणि डाव्या कानाच्या वरच्या कडेला चट्टे आलेत, हात फिरवला की किसणीसारखं लागतं, खपली निघते आणि परत धरते. स्किनच्या डॉक्टरांनी अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणून सांगितलं, म्हणजे आज कॅन्सर नाही पण उन्हाने झालेलं आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, गोठवून काढू नाहीतर क्रीम देतो म्हणाले. बाबांना दोन्ही नको. आत्तेसासूबाई म्हणतात शेराचा चीक लावा, चामखीळ त्यानेच पडते, शेजारच्या बेन बावचीचं तेल आणून देऊन गेल्या, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर आलंय की अमेरिकेत याच दुखण्यावर झाडाच्या चिकाचं औषध सरकारने पास केलंय. हे खरंय का? बाबा तेवढंच धरून बसलेत.
अजून एक, मुलगी रोज दुपारी ग्राउंडवर असते, तिला सनस्क्रीनऐवजी गाजराच्या बियांचं तेल लावलं तर चालेल का, एसपीएफ ४० असतो असं वाचलं.

सूरसागर_काठ
आमच्याकडे उन्हाने भाजलं की कोरफडीचा गर लावतात, गार वाटतं आणि आग कमी होते. पण ते भाजण्यापुरतं. असल्या चट्ट्यांचं मला माहीत नाही, जाणकार सांगतील.

फार्मसी_निवृत्त
ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवायचो, वनस्पतींमधली औषधं हाच माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रुपवर आलेली गोष्ट अर्धी खरी आहे. शेराच्याच कुळातलं, म्हणजे युफोर्बिया कुळातलं एक छोटं तण आहे, युफोर्बिया पेप्लस. ऑस्ट्रेलियात लोक पूर्वीपासून त्याचा चीक कातडीवरच्या गाठींना लावायचे. त्यातलं इंजेनॉल मेब्युटेट नावाचं द्रव्य शुद्ध करून त्याचं जेल काढलं, पिकाटो नावाने, आणि अमेरिकेत २०१२ मध्ये खरोखरच अ‍ॅक्टिनिक केराटोसिससाठी त्याला मान्यता मिळाली. दोन-तीन दिवस लावायचं, कातडी लाल होऊन सोलून निघायची. इथवर मेसेज बरोबर आहे. पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही. तीन वर्षं पेशंटवर लक्ष ठेवून एक तुलना केली, इमिक्विमोड नावाच्या दुसऱ्या क्रीमशी, तर त्यात पिकाटो लावलेल्यांपैकी ३.३ टक्के लोकांना स्क्वॅमस सेल कॅन्सर (कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार) झाला आणि इमिक्विमोडवाल्यांपैकी ०.४ टक्के लोकांना. म्हणजे जो कॅन्सर टाळायला औषध लावत होते तोच. जानेवारी २०२० मध्ये युरोपच्या औषध संस्थेने ते थांबवलं आणि त्याच वर्षी फायद्यापेक्षा धोका जास्त असा निष्कर्ष दिला.

हे शुद्ध केलेल्या, मात्रा ठरलेल्या जेलचं झालं. शेराच्या चिकात काय किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं, शिवाय त्यात फोर्बॉल जातीची द्रव्यं असतात जी प्रयोगशाळेत प्राण्यांच्या कातडीवर गाठी वाढवतात असं दिसलंय. आणि कपाळावर लावलेला चीक घामाबरोबर डोळ्यात उतरला तर बुबुळाला इजा होते, नजर जाण्याची भीती असते. आत्तेसासूबाईंचा मान राखून सांगा पण हे लावू देऊ नका.

बावचीबद्दल तर हात जोडून सांगतो, उन्हात जाणाऱ्या माणसाला नको. बावचीत सोरालेन असतं, ते कातडीला उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांसाठी जास्त संवेदनशील करतं. म्हणूनच कोडावर ती वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उजेड मोजून देऊन. सोरिअ‍ॅसिसवर सोरालेन देऊन यूव्हीए किरणांची ट्रीटमेंट वर्षानुवर्षं घेतलेल्या अमेरिकेतल्या पेशंटमध्ये पुढे स्क्वॅमस सेल कॅन्सर वाढलेला दिसला. उन्हाने आधीच बिघडलेल्या कातडीवर बावची लावणं म्हणजे उन्हाचा मार वाढवणं. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणारेही असतात, तिथेही हीच भानगड, फोड येऊन काळे डाग राहतात.

हळद, ग्रीन टी यांवर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर बरंच काम झालंय आणि ते मला मनापासून आवडतं, पण माणसाच्या चट्ट्यांवर भरवसा ठेवावा असं त्यातून अजून काही हाती आलेलं नाही. मध्य अमेरिकेतल्या एका नेच्याच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात, पॉलीपोडियम, त्याने उन्हाने येणारा लालपणा थोडा कमी होतो असं छोट्या अभ्यासांत आहे, कॅन्सर टळतो असं दाखवलेलं नाही. आणि काळा मलम म्हणून ऑनलाइन जे विकतात, ब्लडरूट आणि झिंक क्लोराइडचं, ते कातडी जाळतं, वरून खपली धरते आणि खाली कॅन्सर असेल तर तो तसाच वाढत राहतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

अलकापुरी_आई
गाजराच्या तेलाचं मी सांगते कारण माझी मुलगीपण अ‍ॅथलेटिक्सला जाते आणि मी यावर बरंच शोधलंय. तो ४० चा आकडा सगळीकडे फिरतो पण नुसत्या तेलाची माणसाच्या कातडीवर नीट टेस्ट झाल्यावर आलेला नाहीये. नारळाच्या तेलाचाही ७-८ सांगतात तो प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचा. ३० किंवा ५० चा, पीए प्लस-प्लस-प्लस (म्हणजे यूव्हीए किरणांपासून संरक्षण) लिहिलेला कुठलाही साधा सनस्क्रीन घ्या, केमिकल नको वाटत असेल तर झिंक ऑक्साइडचा घ्या, तो खनिज आहे. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब पट्टी काढून होईल एवढा लागतो, आपण वाटाण्याएवढा लावतो आणि मग काही उपयोग नाही म्हणतो. घाम येतो म्हणून दर दोन तासांनी परत.

सनस्क्रीनचा पुरावा मात्र पक्का आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये नॅम्बूर नावाच्या गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६०० च्या वर लोकांवर ट्रायल केली, रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कॅन्सर जवळपास ४० टक्के कमी झाले. ते लोक गोरे, आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचं बरंच संरक्षण असतं, पण तुमच्या सासऱ्यांचा रंग आणि काम बघता त्यांना हे लागू आहे.

बाकी कपडा सगळ्यात भारी. आपल्या बडोद्यात मुली स्कूटरवर बुकानी, म्हणजे तोंडा-डोक्याला ओढणी, बांधतात, पूर्ण बाह्यांचे मोजे घालतात, ते खरंच चांगलं आहे, फक्त मुलगे आणि म्हातारी माणसं उघडीच फिरतात. बाबांना कान झाकेल अशी रुंद कडेची टोपी आणा, क्रिकेटची कॅप नको, तिच्यात कान आणि मान बाहेरच राहतात. आणि इथे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबारा-पाऊणच्या सुमारास येतो, त्यामुळे एक वाजला आता ऊन उतरलं असं समजू नका. उत्तरायणला दिवसभर गच्चीवर असतो तेव्हासुद्धा, थंडी असली तरी यूव्ही असतोच.

वाडी_रंगमहाल
माझ्या थोरल्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे म्हणून हा विषय आमच्या घरात रोजचा. त्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि स्किन कॅन्सरचा धोका बराच वाढतो, त्यामुळे त्याला दर वर्षी कातडी तपासायला सांगितलंय. काढे, अर्क पोटात घ्यायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही, कारण त्या औषधांपैकी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वरखाली होते आणि किडनीच जाऊ शकते. कोणी वाचत असेल तर हे लक्षात ठेवा.
व्हिटॅमिन बी३ मधलं निकोटिनामाइड लोक सुचवतात. सिडनीत ३८६ जणांवर ट्रायल झाली, २०१५ मध्ये छापून आली, दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम घेऊन वर्षभरात नवे कॅन्सर २३ टक्के कमी. पण ते सगळे आधी स्किन कॅन्सर होऊन गेलेले लोक होते, गोळी बंद केल्यावर फायदाही गेला, आणि ट्रान्सप्लांटवाल्यांवर वेगळी ट्रायल केली तर २०२३ मध्ये काही उपयोग दिसला नाही. म्हणून आम्ही भावाला सुरू केलं नाही.
ताई, बाबा बीपीची गोळी घेतात का? नावाच्या शेवटी एच असेल तर बघा. त्यात बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते वर्षानुवर्षं घेतल्याने स्क्वॅमस सेल कॅन्सर वाढतो असं डेन्मार्कच्या अभ्यासात दिसलं आणि २०१८ मध्ये युरोपमध्ये त्याची सूचनाही निघाली.

मांजलपूरची_सून
आत्ताच डबा उघडून बघितलं, एच आहे! कित्येक वर्षांपासून हीच गोळी चालू आहे. बंद करू का? आणि चिकाचं सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेराचं नाव काढणं तर सोडलं त्यांनी, पण गोठवण्याची भीती आहेच, म्हणतात एवढंसं तर आहे, राहू दे.

फार्मसी_निवृत्त
गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, बीपी एकदम चढेल. बीपीच्या डॉक्टरांना चट्ट्यांचं सांगा, हायड्रोक्लोरोथायझाइड नसलेल्या गोळ्या भरपूर आहेत, ते बदलून देतील. वाडीकरांनी हे विचारलं ते फार चांगलं केलं.

गोठवणं म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा फवारा, चट्ट्यावर काही सेकंद. झोंबतं, नंतर फोड येतो, खपली धरून पडते, बहुतेक वेळा भूल किंवा टाके काही लागत नाहीत. चट्टे बरेच असतील तर ५-फ्लुरोयुरासिलचं क्रीम असतं, ते काही आठवडे लावायचं, चेहरा मधल्या काळात भयंकर लाल दिसतो आणि तिथेच घाबरून लोक सोडून देतात, तेव्हा बाबांना आधीच सांगून ठेवा की लाल होणं म्हणजे औषध काम करतंय.

राहू दे म्हणतात त्याबद्दल. यातले थोडेच चट्टे पुढे कॅन्सर होतात, काही आपोआप जातातही, पण कुठला जाईल आणि कुठला वाढेल हे वरून बघून सांगता येत नाही. कपाळापेक्षा मला कानाची जास्त काळजी वाटते, कान आणि ओठ इथला स्क्वॅमस सेल कॅन्सर पसरण्याकडे जास्त झुकतो. तो चट्टा जाड झालाय का, दाबल्यावर दुखतो का, रक्त येतं का, बुडाशी कडक लागतो का, एवढं आज बघा. यातलं एकही असेल तर गोठवायच्या आधी छोटा तुकडा काढून बायोप्सी करा असं डॉक्टरांना म्हणा. सयाजी हॉस्पिटलमध्ये स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा, आणि बीपीच्या गोळीची स्ट्रिप सोबत न्या.