मदत हवी आहे: एम२ मॅन्युअल बुक केली आहे, वाट पाहताना ७१८ केमन चालवली आणि आता निर्णय होत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकला राहतो, अंबडला छोटा कारखाना आहे. बऱ्याच वर्षांच्या बचतीनंतर बीएमडब्ल्यू एम२ बुक केली आहे, सहा गिअरची मॅन्युअल. गाडी मेक्सिकोहून पूर्ण तयार होऊन येते, त्यामुळे डिलिव्हरीला वेळ लागणार हे बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. त्याबद्दल तक्रार नाही.

या वाट पाहण्याच्या काळात कामानिमित्त मुंबईला गेलो असता एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पोर्शे ७१८ केमन उभी दिसली. दोन लिटरची, पीडीके म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं, म्हणजे केमन घ्यायची तर आता अशी वापरलेलीच पाहायची. नुसती चालवून बघू म्हणून बसलो आणि त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये.

कागदावर पाहिलं तर तुलनाच नाही. एम२ ला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, ४८० अश्वशक्ती, मॅन्युअलमध्ये ५५० न्यूटन मीटर टॉर्क. केमनला चार सिलिंडर, ३०० अश्वशक्ती, ३८० न्यूटन मीटर. पण केमनचं वजन १३६५ किलो आणि एम२ मॅन्युअलचं सुमारे १७०० किलो. हे तीनशेहून जास्त किलो पहिल्याच वळणावर जाणवले. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे असल्यामुळे गाडीचं वजन मधोमध एकवटलेलं आहे. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच वळतं, मागचा भाग उशिरा येतोय असं वाटतच नाही. रस्त्याचा पोत हातात कळतो. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा, म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता, तरी त्या वेगातही गाडी आपल्याशी बोलत होती. एम२ चालवली तेव्हा ताकदीने छाती दडपली होती, पण हा आनंद मिळण्याइतका तिचा वेग टेस्ट ड्राइव्हच्या रस्त्यावर वाढवताच आला नाही.

आवाज मात्र आवडला नाही. चार आडव्या सिलिंडरचं फ्लॅट इंजिन उभ्या गाडीत खडखडतं, इंजिनचे फेरे वाढल्यावर सुधारतं, पण बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडर ज्या सुरात वर जातं त्याची सर नाही. शिवाय गिअर हाताने टाकायचे म्हणून तर मी एम२ निवडली. पीडीके फार हुशार आहे, माझ्यापेक्षा अचूक गिअर टाकते हे मान्य. पण गाडीत माझं काम काय उरलं, हा प्रश्न पडतोच.

आता खरी अडचण. मी एम२ ची जी टेस्ट ड्राइव्ह घेतली ती ऑटोमॅटिकची होती, कारण मॅन्युअल कुठेच उपलब्ध नव्हती. म्हणजे एका बाजूला न चालवलेली मॅन्युअल एम२ आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक सपाट, गुळगुळीत रस्त्यावर थोडा वेळ चालवलेली केमन. दोन्हींपैकी एकही गाडी मी घाटात किंवा खऱ्या अर्थाने खराब रस्त्यावर चालवलेली नाही. आणि माझा रोजचा रस्ता काय आहे हे नाशिककरांना सांगायला नको. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदकाम, द्वारका चौकातली गर्दी, गल्लोगल्ली मनाला येईल त्या उंचीचे स्पीडब्रेकर. एम२ चे टायर पुढे २७५/३५ आर १९, मागे २८५/३० आर २०. ३० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या फक्त ३० टक्के, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यात फारसं काही राहत नाही. मी पाहिलेल्या केमनला मूळचे १८ इंची, ४५ च्या भिंतीचे टायर आहेत, त्यामुळे मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवरही ती अपेक्षेपेक्षा खूप सुसह्य वाटली. दोन्हींना स्टेपनी नाही. मोखाड्याच्या पुढे कुठे टायर कापला गेला तर काय करायचं, हे अजून मला उमगलेलं नाही.

घरचा मुद्दाही आहे. एम२ ला मागे दोन सीट आहेत, मुलगी आत्ता तिथे आरामात मावते. केमन दोघांचीच. बायको म्हणते की तुला जी आवडेल ती घे, घरच्यांसाठी दुसरी गाडी आहेच. तिने मनापासून म्हटलंय हे मला माहीत आहे. पण रविवारी सकाळी दिंडोरी-वणीवरून सापुताऱ्याला जाताना मुलीला घरी ठेवून जायचं, हे मला जमणार नाही.

जाणकारांना आणि विशेषतः या गाड्या स्वतः वापरणाऱ्यांना प्रश्न:

मॅन्युअल एम२ चा क्लच रोजच्या गर्दीत कसा आहे? पाय भरून येतो का?

आपल्या रस्त्यांवर एम२ चं सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवलं तर खरंच फरक पडतो का? मागच्या सीटवर मूल बसवून कुणी तीन-चार तास प्रवास केला आहे का?

दोन लिटरची केमन वर्षभर वापरल्यावर तो आवाज कानाआड होतो की जास्त खुपू लागतो?

वापरलेली केमन तपासताना इंजिनपर्यंत हात पोचत नाही, झाकण उघडून काही दिसत नाही. मग नेमकं काय तपासून घ्यावं आणि कुणाकडून?

भर: प्रतिसादांत दोघांनी विचारलंय की बुकिंग रद्द केलं तर पैशांचं काय. ते मी लेखी विचारलं आहे, उत्तर आलं की इथेच सांगेन. एकाने बीएमडब्ल्यूचीच एम४ सुचवली, आभार, पण ते बजेट नाही आणि भारतात ती मॅन्युअल मिळतही नाही. "समृद्धीवर चालव, मग ठरव" असंही एकाने लिहिलंय. भरवीरहून चढलं की आमणेपर्यंत रस्ता सुरेख आहे, पण तिथे १२० ची मर्यादा आणि जवळजवळ सरळ रेषा, दोन्ही गाड्या तिथे सारख्याच चांगल्या वाटतील. मला फरक कळायला वळणं हवीत.

म्हणून एक विनंती. नाशिक, ठाणे किंवा पुण्यात कुणाकडे मॅन्युअल एम२ असेल आणि मला शेजारी बसवून त्र्यंबक-जव्हार घाटात नेता येईल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चालवायला मागणार नाही, पेट्रोल पूर्ण माझ्याकडून. पहाटे निघालो तर ट्रकही कमी असतात. केमनच्या विक्रेत्याला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे.