गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट 'बॅक ऑर्डर'वर: वाट पाहावी की दुसरा मार्ग धरावा?

सहप्रवासी

नमस्कार. आमच्या घरात एकच चारचाकी आहे आणि गेला महिनाभर ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे. आधी गिअर बदलताना झटके बसू लागले, मग गिअरबॉक्सचा दिवा अधूनमधून लागू लागला, आणि शेवटी सिग्नलला थांबल्यावर 'डी'मध्ये टाकूनही गाडी जागची हलेना, तेव्हा ती टो करून न्यावी लागली. स्कॅनर लावून पाहिल्यावर गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट (गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा छोटा संगणक) गेले आहे, ते दुरुस्त होत नाही, बदलावेच लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही होकार दिला आणि आगाऊ रक्कमही भरली. तेव्हापासून "पार्ट बॅक ऑर्डरवर आहे" (म्हणजे मागणी नोंदवलेली आहे, पण माल साठ्यात नाही) हे एकच उत्तर मिळते. दर आठवड्याला नवी तारीख दिली जाते आणि ती जवळ आली की पुढची. सर्व्हिस ॲडव्हायझर बोलायला सौजन्यशील आहेत, परंतु पार्ट नेमका कुठे अडकला आहे हे त्यांनाही ठाऊक नसावे, असे वाटते.

सासऱ्यांना ठरलेल्या वारी रुग्णालयात न्यावे लागते, मुलांच्या शाळेच्या वेळा वेगवेगळ्या आहेत, आणि भाड्याच्या गाड्यांवर होणारा खर्च आता दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाला गाठू लागला आहे. अशा तारखांवर कितपत विसंबून राहावे? ओळखीच्या एका मेकॅनिकने जुन्या गाडीतून काढलेले युनिट बसवण्याचे सुचवले आहे, ते कितपत योग्य ठरेल? गाडीची वॉरंटी संपलेली आहे.

काउंटरपलीकडचा

ताई, सुट्या भागांच्या विभागात मी बराच काळ काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. तुम्हाला मिळणारी तारीख बहुतेक वेळा कोणी विचार करून दिलेली नसते. मागणी नोंदवली की संगणकात एक अंदाजे तारीख आपोआप उमटते, आणि ती उलटली की तितक्याच निर्विकारपणे पुढची उमटते. म्हणून "कधी येणार" हे विचारणे सोडून द्या आणि "आत्ता कुठे आहे" हे विचारा.

'बॅक ऑर्डर' या एका शब्दाखाली निरनिराळ्या परिस्थिती खपवल्या जातात. पार्ट विभागीय गोदामात नसला तरी मध्यवर्ती गोदामात असेल, तर ती काही दिवसांचीच बाब असते. तिथेही नसेल पण पुरवठादाराकडून माल निघालेला असेल, तर जहाजाचा प्रवास धरावा लागतो; 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा आशिया ते युरोप या प्रवासातच साधारण दहा-बारा दिवसांची भर पडली. पुरवठादाराने अजून पार्ट बनवायलाच घेतलेला नसेल, तर ती सगळ्यांत वाईट अवस्था, कारण कमी खपाचे पार्ट पुरेशा मागण्या साठल्यावरच एका तुकडीत बनवले जातात. आणखी एक प्रकार चीड आणणारा असला तरी चटकन सुटण्याजोगा असतो: जुना पार्ट नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा आलेला असतो आणि तुमची मागणी मात्र जुन्याच नंबरावर पडून असते.

तेव्हा चासी नंबर, म्हणजे 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन, पुन्हा टाकून सध्या चालू असलेला पार्ट नंबर काढायला सांगा आणि तो स्वतःकडे लिहून घ्या. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही कंट्रोल युनिटचा नंबर वेगळा असू शकतो, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर केलेली चौकशी वाया जाते. नंबर हाती आला की इतर डीलरांना तुम्ही स्वतः फोन करू शकता. एखाद्याच्या रॅकवर दुसऱ्या ग्राहकाने रद्द केलेला नग पडून असणे मुळीच दुर्मीळ नाही, फक्त तो शोधण्याची घाई तुमच्याइतकी कोणालाच नसते.

मागणी कोणत्या प्रकारात टाकली आहे, हेही विचारा. साठ्यासाठीची नेहमीची मागणी आणि गाडी बंद होऊन उभी असल्याची तातडीची मागणी, जिला आम्ही 'व्हीओआर' म्हणतो, यांच्या रांगा वेगळ्या असतात. पहिलीचा माल सवडीने येतो, दुसरीचा विमानानेही मागवता येतो. दुसरीवर डीलरला अनेकदा जादा आकार पडतो, म्हणून ग्राहकाने विषय काढला नाही तर ती कधीकधी टाकलीच जात नाही.

प्राधान्य कोणाला मिळते, याचे एक जुने उदाहरण आहे. 1997 च्या फेब्रुवारीत जपानमधील करिया येथे टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह मिळेनासा झाल्याने टोयोटाचे जपानमधील जवळजवळ सगळे उत्पादन थांबले. अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला आणि आठवड्याभरात कारखाने पुन्हा चालू झाले. थांबलेल्या कारखान्यात कंपनीचे पैसे बुडतात, थांबलेल्या गाडीत तुमचे. धावपळ कोणासाठी होणार, हे त्यावरूनच ठरते.

रविवारचा_मेकॅनिक

माझ्या मते मेकॅनिकचे ऐकावे. अपघातात गेलेल्या गाडीतील युनिट पुष्कळदा उत्तम स्थितीत असते, किंमत नव्याच्या मानाने बरीच कमी पडते आणि गाडी आठवड्याच्या आत रस्त्यावर येते. गोदामांची साखळी समजून घेण्यात मला तरी रस नाही.

फ्यूज_आणि_वायर

वरील सल्ला दरवाज्याच्या काचेच्या मोटरला किंवा आरशाला लागू पडेल, कंट्रोल युनिटला तसाच्या तसा लागू पडत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये हे युनिट मूळ गाडीच्या व्हीआयएनशी बांधलेले असते. दुसऱ्या गाडीतील युनिट बसवले, तर आधी त्यातील जुनी ओळख पुसून तुमच्या गाडीसाठी कोडिंग, म्हणजे तुमच्या गाडीची माहिती त्यात भरण्याचे काम, करावे लागते आणि त्यानंतर क्लचची जुळवणी गिअरबॉक्सला नव्याने शिकवावी लागते. हे करणारा माणूस व त्याचे सॉफ्टवेअर आधी नक्की करा आणि मगच जुना पार्ट घ्या, अन्यथा न चालणाऱ्या दोन युनिटांचे तुम्ही मालक व्हाल. नंबर अक्षरशः शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एअरबॅग किंवा सीटबेल्टसारखे सुरक्षेचे भाग मात्र जुने घेऊच नयेत.

परंतु माझा मूळ आक्षेप याच्याही आधीचा आहे. युनिट खरोखर गेले आहे, हे कशावरून ठरवले? स्कॅनर एरर कोड दाखवतो, दोषी पार्ट दाखवत नाही. "युनिटशी संपर्क नाही" असा कोड आला की युनिट बाद ठरवण्याची घाई होते. प्रत्यक्षात युनिटला पुरेसा करंट पोचत नसला, अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) वायर गंजलेली असली किंवा कनेक्टरमध्ये पाणी अथवा गिअरबॉक्सचे तेल शिरलेले असले, तरी तोच कोड येतो. तपासणी अवघड नाही. गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या खाली असेल, तर आधी बॅटरीकडे पाहावे. नंतर युनिट चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक युनिटच्या अर्थ पिनला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मोजावे. तिथे सुमारे 0.2 व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वायरिंग संशयास्पद आहे. हे आकडे जॉब कार्डवर लिहून मागा. ते मोजलेलेच नसतील, तर महिनाभर आपण कशाची वाट पाहत आहोत, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

युनिट खरेच सदोष निघाले, तरी "दुरुस्त होत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "आमच्याकडे दुरुस्त होत नाही" एवढाच असतो. हीच युनिटे उघडून तुटलेले सोल्डर, सैल झालेल्या बारीक तारा किंवा जळालेला एखादा घटक बदलून देणारे स्वतंत्र कारागीर आहेत. तुमचेच युनिट दुरुस्त होऊन परत आले, तर ओळख तीच राहते आणि कोडिंगची कटकट पुष्कळदा टळते. मात्र मायक्रोकंट्रोलर, म्हणजे युनिटमधील मुख्य चिप, स्वतःच गेला असेल, तर हा मार्ग बंद समजा.

ब्रेक पॅड दहा कंपन्या बनवतात आणि कंट्रोल युनिटला महिने लागतात, याचे कारणही तिथेच आहे. आतील चिप ठरावीक सॉफ्टवेअरसाठी निवडलेली असते, तिच्या जागी दुसरी चालत नाही, आणि एक सिलिकॉन वेफर, म्हणजे ज्यातून अशा चिप कापल्या जातात ती चकती, कारखान्यातून तयार होऊन निघायलाच साधारण तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. 19 मार्च 2021 रोजी जपानमधील रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका येथील कारखान्यात आग लागली, तेव्हा आधीच सुरू असलेला वाहनांच्या चिपचा तुटवडा आणखी वाढला. त्यानंतर चारच दिवसांनी सुवेझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकले आणि मालवाहतूकही खोळंबली.

कागदपत्री

तांत्रिक बाजूवर मला भर घालायची नाही. पार्ट नंबर, मागणीचा क्रमांक, मागणीचा प्रकार आणि तारीख या चार गोष्टी ईमेलवर मागा. फोनवरील बोलणे कितीही गोड असले तरी त्याची नोंद राहत नाही. त्याच ईमेलमध्ये आगाऊ रक्कम कोणत्या अटीवर परत मिळेल, पार्ट येईपर्यंत गाडी उभी ठेवण्याचे भाडे लावले जाईल का, आणि तात्पुरती गाडी मिळू शकेल का, हेही विचारा. तात्पुरती गाडी पुष्कळ ठिकाणी उपलब्ध असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. डीलरकडून समाधान झाले नाही, तर तोच ईमेल उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पुढे पाठवा, कारण मध्यवर्ती गोदामावर हुकमत डीलरची नसते, त्यांची असते. विम्याकडून मात्र फारशी आशा धरू नका. सर्वसाधारण पॉलिसीत अपघात धरलेला असतो, यांत्रिक बिघाड नाही.

सहप्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. आज समक्ष जाऊन बोलले. मागणी साठ्याच्या नेहमीच्या प्रकारात होती. ती तातडीच्या प्रकारात बदलून दिली आणि लेखी क्रमांकही दिला. पार्ट नंबर तोच चालू आहे, म्हणजे तिथे घोळ नव्हता. बॅटरीची नोंद जॉब कार्डवर आहे, अर्थची मोजणी झालेली नाही. ती उद्या करण्याचे त्यांनी मान्य केले आहे, थोडे नाखुशीने. मोजणीत वायरिंग ठीक निघाले, तर युनिट काढून बाहेर दुरुस्तीला देण्याचा विचार आहे. तसे केल्यास नव्या पार्टची मागणी रद्द करावी का?

काउंटरपलीकडचा

इतक्यात रद्द करू नका. रांगेतील जागा गेली की पुन्हा शेवटून सुरुवात करावी लागते. रद्द करण्याची मुदत आणि कपात विचारून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पार्टचे खोके उघडल्यावर ते सहसा परत घेत नाहीत. दुरुस्त केलेले युनिट बसवून गाडी थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत चांगली चालवून पाहा, आणि मगच मागणी सोडा.

फ्यूज_आणि_वायर

सहमत आहे. युनिट काढण्यापूर्वी त्यातील कोडिंगची प्रत स्कॅनरवर वाचता येत असेल तर घ्यायला सांगा, आणि कारागिराला एरर कोडची छापील यादी सोबत द्या. नुसते "गाडी चालत नाही" एवढे सांगितले, तर त्याला टेबलावर दोष सापडेलच असे नाही, विशेषतः तो गरम झाल्यावरच प्रकट होणारा असेल तर. तोवर गाडी उभीच राहणार असल्याने बॅटरी चार्जरवर ठेवायला किंवा तिचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवायला सांगा आणि टायरमधील हवा तपासून घ्या.